दिवसाला दहा पाकिटं फळ

साताऱ्याच्या डॉक्टरांनी रिपोर्टचा कागद टेबलावर पालथा ठेवला आणि इंदूला विचारलं, "मिश्री किती वर्षं लावताय?"

इंदू म्हणजे माझी बायको. तिनं एकदा माझ्याकडं बघितलं आणि हळूच म्हणाली, "लगीन व्हायच्या आदीपासनं."

डॉक्टर म्हणाले, "स्क्वामस सेल कार्सिनोमा आहे." आमची तोंडं बघून त्यांनी लगेच सोपं करून सांगितलं. तोंडाला आतून जे मऊ अस्तर असतं, त्याचा कॅन्सर. डाव्या गालाच्या आत पांढरा चट्टा होता, तोच तो. तिखट लागलं की झोंबतं, असं ती चार महिने म्हणत होती. मी म्हणत होतो, दाढेखाली गाल आला असेल.

मी बावीस वर्षं फौजेत काढली. भीती काय असते ते आपल्याला ठाऊक आहे, असा माझा समज होता. तो समज त्या खुर्चीवर मोडला. मी एवढंच विचारलं, "साहेब, आता?" ते म्हणाले, "मिरजेला जा. उशीर करू नका."

हे सगळं मी लिहितोय ते ज्यांच्या घरात असं दुखणं येईल त्यांच्यासाठी. ऑपरेशनचं, मशीनचं डॉक्टर सांगतातच. मला सांगायचं आहे ते दुकानात दाराशी लटकणाऱ्या जेलीच्या छोट्या पाकिटांबद्दल. ते आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. खरं म्हणजे मीच कुणाला विचारलं नव्हतं.

मिरजेत ऑपरेशन झालं. गालाचा आतला भाग, चार दाढा आणि मानेतल्या गाठी काढल्या. हाताची कातडी घेऊन गालाला आतून ठिगळ लावलं. इंदू दहा दिवसांत चालायला लागली, पंधराव्या दिवशी मला रागावली सुद्धा. मला वाटलं, गड जिंकला.

मग डॉक्टर मॅडमनी रेडिएशनचं सांगितलं. आमच्याकडं लोक त्याला 'लाईट घेणं' म्हणतात. मशीनमधून किरण सोडतात, ते डोळ्याला दिसत नाहीत आणि त्या वेळी दुखतही नाही. तीस वेळा घ्यायचं होतं, आठवड्यातले पाच दिवस. मॅडम म्हणाल्या, "एक गोष्ट लक्षात ठेवा. मध्ये खंड पडू द्यायचा नाही. खंड पडला तर उरल्यासुरल्या पेशींना वाढायला वेळ मिळतो." हे वाक्य माझ्या डोक्यात खिळ्यासारखं बसलं.

लाईटसाठी मास्क करतात. प्लॅस्टिकची जाळी गरम पाण्यात मऊ करतात आणि चेहऱ्यावर दाबून बसवतात. गार झाली की ती कडक होते. रोज तो मास्क तोंडावर चढवून टेबलाला अडकवायचा, म्हणजे डोकं केसभरही हलत नाही. पहिल्या दिवशी इंदू बाहेर आली तेव्हा तिच्या गालावर जाळीचे चौकोन उमटले होते. "जीव गुदमरला," एवढंच म्हणाली आणि माझा हात धरून रिक्षापर्यंत आली.

आमचं गाव माण तालुक्यात, दहिवडीच्या पुढं. तिथून रोज ये-जा शक्य नव्हती. म्हणून आम्ही मिरजेजवळ माधवनगरला इंदूच्या धाकट्या बहिणीकडं, शांताकडं राहिलो. तिचे मालक गिरणीत होते, ते आता नाहीत. ती एकटीच असते. तिनं पुढची खोली आम्हाला दिली आणि स्वतः स्वयंपाकघरात अंथरूण घातलं.

पहिले दोन आठवडे बरे गेले. तिसऱ्या आठवड्यात तोंड आलं. म्हणजे आपल्याला उन्हाळ्यात येतं तसं नव्हे. त्याला म्यूकोसायटिस म्हणतात. तोंडाची आणि घशाची आतली कातडी सोलवटते. डॉक्टरांनी आधी सांगितलं होतं, पण ऐकणं आणि बघणं यात फरक आहे. इंदू थुंकी गिळताना सुद्धा डोळे गच्च मिटायची आणि पलंगाची कड धरायची.

डाएटिशियननं, म्हणजे आहार ठरवून देणाऱ्या बाईंनी, सुरुवातीलाच एक कागद दिला होता. दूध, अंडी, डाळीचं घट्ट पाणी, नाचणीची पेज, फळं. किती वेळा, किती वाटी, सगळं छापलेलं. तो कागद बघून मला बरं वाटलं, कारण या सगळ्या गोंधळात मला येणारं काम तेवढंच होतं.

मी पलटणीत राशन स्टोअरला होतो. माणसामागं रोज किती आटा, किती डाळ, किती फळ, याचा तक्ता ठरलेला असतो. वर डोंगरावर ताजा माल पोचला नाही तर बदली द्यायची. ताज्या दुधाच्या बदली पावडर, ताज्या फळाच्या बदली डब्यातलं फळ. जवान उपाशी राहिला नाही पाहिजे आणि रजिस्टरात खाडाखोड नाही दिसली पाहिजे. मी त्यात कधी बोलणी खाल्ली नाहीत. माधवनगरला दुसऱ्याच दिवशी मी दोनशे पानी वही आणली आणि रकाने आखले.

तोंड आल्यावर रकाने रिकामे राहायला लागले. दुधानं घशात चिकट बेडका साचायचा आणि ओकारी यायची. अंड्याच्या वासानं ती तोंड फिरवायची. पेज घशाला खरखरायची. "आवं, मला गिळंना," असं म्हणून ती वाटी बाजूला सारायची. मी विनवायचो, ओरडायचो, मग बाहेर जाऊन उभा राहायचो.

एक दिवस शांता दुकानातून पाकिटांची एक लड घेऊन आली. "दाजी, ह्ये बगा. फ्रूट जेली म्हनत्यात. गार करून दिली तर आक्काच्या घशातनं आपसूक सरकंल."

छोटी छोटी पाकिटं. एकावर आंबा, एकावर अननस, एकावर लिची. कोपरा कापला की थरथरणारा गोळा चमच्यात पडायचा. इंदूनं पहिला चमचा घेतला, थांबली, आणि तो खरंच खाली गेला. तिच्या कपाळावरची आठी सुटली. "गार वाटतंय," ती म्हणाली. चार दिवसांत पहिल्यांदा तिनं तोंडात घातलेलं काही परत आलं नव्हतं. शांतानं पदर डोळ्याला लावला. मी देवाचे आणि त्या कंपनीचे आभार मानले, आणि वहीत लिहिलं, फळ, एक.

माझी चूक इथं सुरू झाली. पाकिटावर आंबा होता, नाव फ्रूट होतं, म्हणून मी ते फळाच्या रकान्यात धरलं. मग दूध जाईना, तेव्हा दुधाच्या बदली दोन पाकिटं. अंड्याच्या बदली दोन. माझा हिशेब सोपा होता. ताजं नाही तर डबाबंद, पण माणसाला राशन पोचलं पाहिजे. दिवसाला सहा पाकिटं झाली आणि वहीचं पान पुन्हा भरायला लागलं.

मी बेफिकीर होतो असं कुणाला वाटू नये. प्रत्येक पाकीट मी उलटं करायचो. अक्षर मुंगीच्या पायाएवढं, म्हणून शांताच्या मालकांचं भिंग घेऊन बसायचो. माल कधीचा, कधीपर्यंत चालेल, पाकीट कुठं फुगलंय का. स्टोअरवाल्याची सवय. तारखेच्या वरच्या बाजूला एक चौकट होती. तिच्याकडं मी एकदाही बघितलं नाही.

दर सोमवारी वजन व्हायचं. लाईट सुरू झाली तेव्हा एक्कावन्न किलो होतं. ते सत्तेचाळीस झालं. मॅडमनी विचारलं, "खातायत काय काय?" मी ताठ उभा राहून सांगितलं, "फळं खातीय मॅडम, दिवसाला सहा वेळा." त्या म्हणाल्या, "फळं चालू आहेत हे चांगलं, पण वजन उतरतंय. आहार वाढवा." मी वाढवला. सहाची दहा पाकिटं केली.

मॅडमचा यात काडीचा दोष नाही. बाहेर पन्नास पेशंट बसलेले असताना कुणीही तेवढंच विचारणार. मी जेली म्हणालो असतो तर त्या तिथंच थांबल्या असत्या. मी फळं म्हणालो.

त्या आठवड्यात इंदू भिंतीला धरून चालायला लागली. गालफडं बसली. बांगड्या कोपरापर्यंत सरकायच्या. मी स्वतःला समजावायचो, लाईटचा त्रास आहे, सगळ्यांनाच होतो. वेटिंग रूममध्ये बाकीचे पेशंट बघायचो आणि त्यांच्यात इंदूपेक्षा वाईट कोण आहे ते शोधायचो. असं करू नये, पण मी केलं.

अठरा लाईटी झाल्या होत्या. एकोणिसाव्या दिवशी इंदू आत गेली आणि पाच मिनिटांत मशीनवरचा माणूस बाहेर आला. मला म्हणाला, "काका, आज लाईट देता येणार नाही. मास्क सैल झालाय."

मला कळेना. प्लॅस्टिक कसं सैल होईल? त्यानं समजावलं, मास्क तसाच आहे, चेहरा आत गेलाय. मास्कच्या आत डोकं हलतंय. अशा वेळी किरण भलत्याच जागी पडायची भीती. नवा मास्क करावा लागेल, नवा स्कॅन, पुन्हा सगळी आखणी. तोवर थांबायचं.

थांबायचं म्हटल्याबरोबर माझ्या तोंडचं पाणी पळालं. खंड पडू द्यायचा नाही, हे एकच तर सांगितलं होतं.

वजन केलं तर साडेत्रेचाळीस. रक्त तपासलं. अल्ब्युमिन खाली, म्हणजे रक्तातलं प्रोटीन उतरलेलं. जखमा भरायला, ताकदीला लागतं ते. पोटॅशियम सुद्धा खाली. ते फार खाली गेलं तर हृदयाचे ठोके बिघडतात, असं मॅडम म्हणाल्या आणि तिथल्या तिथं ॲडमिट केलं. "या अंगावर मी लाईट देऊ शकत नाही. आधी हिला उभी करू."

दुपारी डाएटिशियन बाई वॉर्डात आल्या. वयानं माझ्या लेकीएवढ्या. त्यांनी विचारायच्या आत मी वही पुढं केली. रोजचं पान, शाईत, एक खाडाखोड नाही. त्या पानं उलटत गेल्या. मग म्हणाल्या, "काका, एवढी फळं? तोंड इतकं सोललेलं असताना? कुठली देत होता?"

मी पिशवीतून पाकीट काढून दिलं.

त्यांनी ते उलटं केलं आणि मी ज्या चौकटीकडं कधी बघितलं नव्हतं तिथं बोट ठेवलं. "हे वाचा." माझ्या खिशात भिंग होतंच. प्रोटीन, शून्य. फॅट, शून्य. साखर, दहा ग्रॅम. एनर्जी, चाळीस किलोकॅलरी. त्याखाली काय काय घातलंय त्याची यादी. पाणी, साखर, घट्ट करायला समुद्री शेवाळाचा अर्क, आंबटपणासाठी ॲसिड, रंग, वास. आंब्याचा गर अगदी शेवटी शेवटी, नावाला. लिचीच्या पाकिटात तर तेवढाही नव्हता.

"म्हणजे दहा पाकिटांत मिळून चारशे कॅलरी," त्या म्हणाल्या. "यांना दिवसाला याच्या चौपट पाहिजेत, वर साठेक ग्रॅम प्रोटीन पाहिजे. एका अंड्यात सहा ग्रॅम असतं. या दहा पाकिटांत मिळून काही नाही. एखादं पाकीट घसा गार करायला दिलं तर माझी हरकत नाही. पण हे जेवण नाही काका. हे गोड पाणी आहे, घट्ट केलेलं."

नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा. पण पाकिटावर ते सगळं छापलेलं होतं, लपवलेलं काही नव्हतं. भिंग हातात घेऊन न वाचणारा मी होतो. आठ-दहा दिवस मी माझ्या बायकोला साखरेच्या पाण्यावर ठेवलं होतं आणि त्याची व्यवस्थित नोंद केली होती.

बाई गेल्यावर मी इंदूच्या कॉटपाशी बसलो. तिनं सगळं ऐकलं होतं. मी म्हणालो, "इंदे, चुकलं माझं. तुला तरी कळायचं की गं, पोटात काय पडत नाही म्हणून."

तिला बोलायला त्रास व्हायचा. एकेक शब्द सोडत ती म्हणाली, "कळत हुतं. पाचव्या-सहाव्या पाकिटाला नको वाटायचं. पर तुमी वही घेऊन बसायचा... पान भरलं की तुमाला जरा झोप लागायची. म्हून गिळायची."

मी वॉर्डाबाहेर गेलो, जिन्याच्या पायरीवर बसलो आणि रडलो. येणारी-जाणारी माणसं बघत होती. बघू दे म्हटलं.

संध्याकाळी नाकातून नळी घातली. तिला राइल्स ट्यूब म्हणतात. नाकातून थेट पोटात जाते, म्हणजे घशाला गिळायचं काम राहत नाही. हे ऐकून बरेच नातेवाईक घाबरतात, मी पण घाबरलो. आमच्याकडं नळी घातली की माणूस गेला असंच धरतात. शांता तर हात जोडून म्हणाली, "नगा हो घालू." पण मॅडम म्हणाल्या, "नळी शेवटची म्हणून घालत नाही. तीस पूर्ण करायच्या म्हणून घालतेय."

मला वाटलं, आता भरभर भरू. दोन तासांनी दोनशे मिली देऊ, आठ दिवसांत वजन वर. बाईंनी तिथंही अडवलं. बरेच दिवस उपाशी असलेल्या शरीरात एकदम अन्न ओतलं तर रक्तातले क्षार कोसळतात, जीवावर बेतू शकतं. त्याला रीफीडिंग सिंड्रोम म्हणतात. म्हणून पहिल्या दिवशी दर दोन तासांनी पन्नास मिली, तेही सावकाश. रोज रक्त तपासायचं. पन्नास मिली म्हणजे चहाचा अर्धा कप. तो अर्धा कप सिरिंजनं सोडताना मी मापाची रेघ दोन-दोनदा बघायचो, कारण आता जेवण द्यायची सुद्धा मला भीती वाटायला लागली होती.

गाळलेली डाळ, दुधात कालवलेली प्रोटीन पावडर, गाळलेली नाचणीची पेज. शांता पुरणाच्या चाळणीतून दोनदा आणि मग फडक्यातून एकदा गाळायची. पाठीला उशी देऊन इंदूला बसती ठेवायची, दिल्यावर अर्धा तास आडवं होऊ द्यायचं नाही. प्रत्येक नव्या गोष्टीच्या आधी मी बाईंना पाकीट दाखवून विचारायचो. त्या एकदा हसून म्हणाल्या, "काका, मीठ सुद्धा विचारताय." मी म्हणालो, "दुधानं तोंड पोळलंय बाई, ताक फुंकणारच."

नवा मास्क झाला. नऊ दिवसांच्या खंडानंतर एकोणिसावी लाईट झाली. नाकात नळी, खांद्याला धरून शांता, अशी ती आत गेली. त्या दिवसापासून एकही चुकली नाही. तिसावीला मशीनवरचा माणूस बाहेर येऊन म्हणाला, "झालं, काकू." वजन चव्वेचाळीस होतं. फार नव्हे, पण उतरायचं थांबलं होतं.

आणखी पाच आठवड्यांनी नळी काढली. इंदू चमच्यानं घ्यायला लागली, पण चव नव्हती. सगळं मातीसारखं लागतं म्हणायची. भूकही गेली होती. घड्याळ बघून द्यायचं, ती औषध घ्यावं तसं घ्यायची. मॅडम म्हणाल्या, चव यायला महिने लागतात, कुणाकुणाची पूर्ण येतही नाही.

तीन महिन्यांनी स्कॅन करायचा होता. ते तीन महिने मी नऊ दिवसांचाच विचार करत होतो. त्या नऊ दिवसांत आत काय वाढलं असेल? तिच्या मानेला हात लागला की मी गाठ चाचपायचो. तिला ते कळायचं.

रिपोर्टच्या दिवशी मिरजेला आम्ही दोघंच गेलो. मॅडमनी सगळी पानं वाचली आणि म्हणाल्या, "आत्ता काही दिसत नाही. चांगलं आहे. ठरलेल्या तारखांना तपासायला येत राहायचं." मी इंदूला बाहेर बसवलं आणि परत आत गेलो. विचारलं, "मॅडम, माझ्यामुळं नऊ दिवस गेले. त्यानं पुढं काही होईल का?"

त्यांनी रिपोर्ट मिटून बाजूला ठेवला. मग म्हणाल्या, "नाही होणार असं मी लिहून देऊ शकत नाही. होईल असंही नाही. ते कुणालाच सांगता येणार नाही." मला खोटा धीर दिला नाही, म्हणून मी त्यांचा ऋणी आहे. ही भीती आता माझ्याकडंच राहील. ज्यांच्या घरी असं दुखणं आहे त्यांना हात जोडून सांगतो, पेशंटच्या पोटात काय जातंय ते डॉक्टरांना त्याच्या खऱ्या नावानं सांगा. जेलीला जेली म्हणा. लाज वाटली तरी म्हणा.

बाहेर आलो तर इंदू बाकावर नव्हती. मी धावतच फाटकाकडं गेलो. बघतो तर ती फाटकाबाहेर, रस्त्याच्या कडेला उभी. समोरच्या खाणावळीत भाकरी थापायचा आवाज येत होता, तिकडं बघत होती.

"इथं कशाला आलीस? चक्कर आली का?" मी ओरडलोच.

तिनं मान हलवली. पोटावर हात ठेवला. आपलंच आपल्याला नवल वाटावं तशी म्हणाली, "आवं... मला भूक लागलीया."